गेम आणि चित्रपटांसाठी वायरलेस सराउंड हेडफोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री अकरानंतर दिवाणखान्यात मोठ्या आवाजात चित्रपट लावता येत नाही आणि आतल्या खोलीत कोणाचा तरी अभ्यास किंवा झोप सुरू असते, या साध्या कारणांनी बहुतेक जण हेडफोनकडे वळतात. दुकानात गेल्यावर मात्र आकडे आणि संज्ञा यांचा असा भडिमार होतो की नेमके कशाचे पैसे मोजायचे हेच कळेनासे होते. पुढील प्रश्न अशाच खरेदीच्या आधी आणि नंतर पडणारे आहेत.

खोक्यावर ‘७.१ सराउंड’ असे छापलेले असते. म्हणजे आत आठ स्पीकर असतात का?

नसतात. बाजारात मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वायरलेस हेडफोनमध्ये प्रत्येक कानाला एक असे दोनच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे स्पीकर, असतात आणि त्यांचा व्यास बहुधा ४० किंवा ५० मिलिमीटर असतो. सोबतच्या सॉफ्टवेअरला किंवा चिपला आठ वाहिन्यांचा (चॅनलचा) ध्वनी घेऊन त्याचे दोन वाहिन्यांत रूपांतर करता येते, एवढाच ‘७.१’ या आकड्याचा अर्थ आहे. एकेका कपात अनेक छोटे ड्रायव्हर बसवण्याचा प्रयोगही होऊन गेला. रेझर कंपनीच्या टियामॅट ७.१ या तारेच्या हेडफोनमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून दहा ड्रायव्हर होते. असे हेडफोन जड होतात, आणि सगळे ड्रायव्हर कानाला चिकटूनच असल्यामुळे ‘मागचा’ ड्रायव्हर खऱ्या अर्थाने मागे कधीच जात नाही. हा प्रकार फारसा रुजला नाही, यात आश्चर्य नाही.

दोनच ड्रायव्हर असताना आवाज पाठीमागून आल्यासारखा कसा वाटतो?

कारण आपल्यालाही कान दोनच आहेत, आणि तरीही मागून येणारी रिक्षा आपल्याला न वळता कळते. डावीकडून येणारा आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद इतका असतो. शिवाय मध्ये डोके आडवे येत असल्यामुळे, विशेषतः तीव्र स्वरांच्या बाबतीत, तो उजव्या कानाला थोडा क्षीण ऐकू येतो. या दोन खुणांवरून मेंदू डावे-उजवे ठरवतो. समोरचे आणि मागचे, वरचे आणि खालचे यांतला फरक मात्र या दोन खुणांनी पुरेसा कळत नाही, कारण अगदी समोरचा आणि अगदी मागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी आणि सारख्याच जोराने पोहोचतो. तिथे कानाच्या पाळीवरचे उंचवटे आणि खळगे कामाला येतात. आवाज ज्या दिशेने येतो त्याप्रमाणे त्यातल्या काही कंपनसंख्या या वळणांमध्ये दबतात, काही उठून दिसतात, आणि लहानपणापासूनच्या सवयीने मेंदू तो बदल ‘दिशा’ म्हणून वाचतो.

डोके, खांदे आणि कान मिळून आवाजात जो फरक घडवतात, त्याचे गणिती वर्णन ‘एचआरटीएफ’ या नावाने ओळखले जाते. सराउंड प्रक्रिया करणारे सॉफ्टवेअर प्रत्येक वाहिनीचा आवाज या वर्णनातून गाळून घेते आणि मगच दोन ड्रायव्हरांकडे पाठवते. म्हणजे सराउंड हेडफोनमध्ये नसते, ते हेडफोनकडे येणाऱ्या आवाजात असते. एवढी एक गोष्ट ध्यानात आली की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सोपे होतात.

मग मित्राला आवाज स्पष्टपणे मागून ऐकू येतो आणि मला तो डोक्याच्या आतच घुमल्यासारखा का वाटतो?

दोघांच्या कानांची ठेवण वेगळी आहे म्हणून. बहुतेक सॉफ्टवेअर सरासरी मापाच्या डोक्याचे आणि कानाचे वर्णन वापरते. ज्याचा कान त्या सरासरीच्या जवळ, त्याला परिणाम चांगला मिळतो. यावर दोन उपाय निघाले आहेत. पहिला म्हणजे आपल्या कानाला जुळणारे वर्णन निवडणे. प्लेस्टेशन ५ मध्ये ऐकून पाहून आपल्याला जुळणारा पर्याय निवडता येतो, तर अ‍ॅपलने २०२२ मध्ये आयफोनच्या कॅमेऱ्याने कानांचे चित्रण करून वैयक्तिक वर्णन तयार करण्याची सोय दिली. दुसरा उपाय म्हणजे डोक्याच्या हालचालीचा माग घेणे. प्रत्यक्षात आवाज समोरून की मागून असा संभ्रम पडला की आपण नकळत मान किंचित वळवतो आणि संभ्रम फिटतो; साध्या हेडफोनमध्ये मात्र मान वळवली की सगळे जगच सोबत वळते. हेडफोनमधले संवेदक ही हालचाल टिपून आवाज पडद्याच्या जागी स्थिर ठेवू शकले, तर आवाज डोक्याबाहेर गेल्याची जाणीव लक्षणीयरीत्या वाढते. चित्रपटासाठी ही सोय फार चांगली आहे. गेममध्ये माउस किंवा कंट्रोलरनेच दृष्टी फिरवली जात असल्यामुळे तिचा उपयोग कमी होतो.

सगळे पर्याय पाहूनही फरक जाणवला नाही, तर दोष आपल्या कानांचा नाही. अशा श्रोत्याने साध्या स्टिरिओवर समाधान मानण्यात काहीही कमीपणा नाही.

५.१, ७.१ आणि अ‍ॅटमॉस यांत नेमका फरक काय?

५.१ मध्ये समोर डावी, मधली आणि उजवी, बाजूंना दोन, आणि ‘.१’ म्हणजे केवळ खर्जासाठीची एक, अशा वाहिन्या असतात. ७.१ मध्ये पाठीमागच्या दोन वाहिन्यांची भर पडते. या दोन्ही पद्धतींत कोणता आवाज कोणत्या स्पीकरमधून यायचा हे ध्वनिमिश्रणाच्या वेळीच ठरून गेलेले असते. २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये आवाजाला स्पीकरऐवजी अवकाशातली जागा नेमून देता येते, आणि ती जागा उपलब्ध साधनांतून कशी साधायची हे शेवटचे यंत्र ठरवते. त्यामुळे त्यात उंचीही येते. अ‍ॅटमॉस, डीटीएस आणि सोनीच्या प्लेस्टेशन ५ मधले टेम्पेस्ट ही हेडफोनपुरती बोलायची तर एकाच कामाची तीन घराणी आहेत. अंतिमतः सगळ्यांना दोनच कानांत उतरायचे असते.

घरी चांगला ब्लूटूथ हेडफोन आहे. तोच गेमसाठी वापरला तर चालेल का?

चित्रपटासाठी बहुतेकदा चालेल; गेमसाठी बहुतेकदा नाही. कारण विलंब. ब्लूटूथवरून आवाज पाठवताना तो आधी आकुंचित केला जातो, तुकड्यांत पाठवला जातो, पलीकडे साठवला जातो आणि मग पुन्हा उलगडला जातो. एसबीसी या सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत या साऱ्याला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. हा आकडा लहान वाटेल, परंतु ६० चौकटी (फ्रेम) प्रतिसेकंद वेगाने चालणाऱ्या गेममध्ये एक चौकट सुमारे १७ मिलिसेकंदांची असते. म्हणजे गोळी सुटलेली दिसल्यानंतर दहा-बारा चौकटी उलटून गेल्यावर तिचा आवाज येतो. यूएसबी डोंगलसह, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये खोचायच्या छोट्या जोडणी-उपकरणासह, मिळणारे २.४ गिगाहर्ट्झचे गेमिंग हेडफोन हाच प्रवास साधारण २० ते ४० मिलिसेकंदांत पुरा करतात. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, हे लक्षात घेतले तर ४० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे चौदा-एक मीटरवर बसून ऐकण्यासारखे आहे. त्याची मेंदूला सवय असते.

चित्रपटाच्या बाबतीत आपली सहनशीलता अधिक असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद नंतर आला तर प्रेक्षकाला विसंगती जाणवू लागते. म्हणजे उशिरापेक्षा घाई जास्त खटकते, आणि ते निसर्गनियमाला धरूनच आहे, कारण विजेआधी गडगडाट कोणी ऐकलेला नाही. शिवाय फोन आणि लॅपटॉपवरील चित्रपट दाखवणारी बरीच अ‍ॅप ब्लूटूथचा विलंब ओळखून चित्रच तेवढे थांबवून धरतात. गेमला ही सवलत नाही, कारण खेळाडूने बटण कधी दाबायचे हे आधी कोणालाच ठाऊक नसते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. एलडॅकसारखी उच्च दर्जाची पद्धत म्हणजे कमी विलंब, असे नव्हे. ती अधिक तपशील पाठवते, लवकर पाठवेलच असे नाही. अ‍ॅपट-एक्स लो लेटन्सी ही पद्धत विलंब सुमारे ४० मिलिसेकंदांवर आणत असे, परंतु ती पाठवणाऱ्या आणि ऐकवणाऱ्या अशा दोन्ही यंत्रांत असावी लागते, आणि आयफोनमध्ये ती नव्हतीच. २०२० मधील ब्लूटूथ ५.२ सोबत आलेल्या एलई ऑडिओ या नव्या ध्वनिपद्धतीमुळे परिस्थिती सुधारत आहे. तिथेही दोन्ही टोकांना पाठबळ हवे, ही अट कायम आहे. खोक्यावरचा ‘ब्लूटूथ ५.३’ हा आकडा एकटा त्याबद्दल काहीच सांगत नाही.

माईक सुरू करताच गेमचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा का होतो?

हा बिघाड नाही, पण तक्रारी सर्वाधिक याच्याच येतात. पारंपरिक ब्लूटूथमध्ये संगीत ऐकण्याची आणि बोलण्याची अशा दोन वेगळ्या पद्धती आहेत. पहिलीत आवाज एकाच दिशेने, स्टिरिओमध्ये आणि चांगल्या दर्जाने जातो. माईक उघडला की यंत्र दुसऱ्या पद्धतीवर जाते. तिच्यात आवाज दोन्ही दिशांना जातो, परंतु तो एकाच वाहिनीचा आणि संकुचित दर्जाचा असतो. डावे-उजवेच उरले नाही म्हटल्यावर सराउंड कुठून उरणार? उपाय तीन आहेत : डोंगलवर चालणारा हेडफोन घेणे, ब्लूटूथ हेडफोन केवळ ऐकण्यासाठी ठेवून लॅपटॉपचा किंवा वेगळा माईक वापरणे, अथवा दोन्ही बाजूंना एलई ऑडिओ असलेली जोडी जमवणे. पहिला उपाय सर्वांत कमी डोकेदुखीचा आहे.

माझ्याकडे असलेल्या यंत्राला कोणता हेडफोन जुळेल?

खरेदीआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे, आणि तो बहुधा शेवटी विचारला जातो.

प्लेस्टेशन ५ ला ब्लूटूथ हेडफोन थेट जोडता येत नाही. यूएसबी डोंगलचा हेडफोन किंवा कंट्रोलरच्या ३.५ मिलिमीटरच्या छिद्रात तारेचा हेडफोन लागतो. टेम्पेस्टची त्रिमितीय प्रक्रिया यंत्राच्या आतच होत असल्यामुळे ‘थ्रीडी’ लिहिलेला खास हेडफोन घेण्याची गरज नसते, साधा स्टिरिओही पुरतो. एक्सबॉक्सवरही ब्लूटूथ ध्वनीला वाव नाही, आणि तिथे मायक्रोसॉफ्टची स्वतःची वायरलेस पद्धत असल्यामुळे संगणकासाठी बनलेला प्रत्येक डोंगल चालत नाही. काही कंपन्या एकच हेडफोन दोन आवृत्त्यांत विकतात आणि दोन्हींत फरक नावाच्या शेवटच्या अक्षराचा असतो : ‘पी’ म्हणजे प्लेस्टेशन, ‘एक्स’ म्हणजे एक्सबॉक्स. संगणकावर सहसा दोन्ही चालतात. ते अक्षर न वाचता केलेली खरेदी मी स्वतः एकदा परत करून आलो आहे, आणि दुकानदाराने खोके उघडलेले पाहून जे तोंड केले ते अजून आठवते.

निन्टेन्डो स्विचला सप्टेंबर २०२१ च्या अद्ययावत आवृत्तीपासून ब्लूटूथ हेडफोन जोडता येतो, परंतु त्याचा माईक चालत नाही. अँड्रॉइड फोनला टाइप-सी डोंगल बहुतेकदा लगेच ओळखता येतो. फोनचे झाकण जाड असेल तर तो नीट बसतो का, हे मात्र पाहून घ्यावे.

टीव्हीला जोडलेल्या हेडफोनच्या डॉकमधून (टीव्हीजवळ ठेवून हेडफोनकडे आवाज पाठवणाऱ्या ठाण्यातून) काहीच ऐकू येत नाही. काय करावे?

टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करून पाहावे. टीव्ही ऑप्टिकल तारेतून डॉल्बी डिजिटल पाठवत असतो आणि डॉकला केवळ साधा, आकुंचित न केलेला पीसीएम ध्वनी समजत असतो, म्हणून शांतता पसरते. याउलट डॉकला डॉल्बी उलगडता येत असेल तर पीसीएम ठेवू नये, कारण ऑप्टिकल तारेतून पीसीएम फक्त दोन वाहिन्यांचाच जातो आणि ५.१ मूळ तिथेच हरवते.

याच संदर्भात आणखी एक पाहण्यासारखे आहे. ओटीटीवर एखाद्या चित्रपटाच्या मूळ भाषेचा ध्वनी ५.१ किंवा अ‍ॅटमॉसमध्ये असतो आणि मराठी किंवा हिंदी डबिंगचा केवळ स्टिरिओत असतो, असे पुष्कळदा आढळते. भाषा बदलल्यावर सराउंड नाहीसे झाले, तर हेडफोनला दोष देण्यापूर्वी भाषांच्या यादीत ५.१ हा आकडा कोणत्या नावापुढे आहे ते पाहावे.

सराउंड सुरू नेमके कुठून करायचे? गेममध्ये, विंडोजमध्ये, की हेडफोनच्या सॉफ्टवेअरमध्ये?

कुठूनही करावे, पण एकाच ठिकाणाहून. वाईट आवाजाच्या तक्रारींचे सर्वांत मोठे कारण दुहेरी प्रक्रिया हे आहे. गेमने आधीच दोन कानांसाठी गाळलेला आवाज विंडोजने पुन्हा गाळला आणि उरलेसुरले हेडफोनच्या सॉफ्टवेअरने तिसऱ्यांदा गाळले, तर बंद न्हाणीघरात बोलल्यासारखा पोकळ, घुमणारा आवाज मिळतो आणि दिशा तर पूर्णपणे विस्कटते. उकळलेला चहा पुन्हा पुन्हा उकळल्यासारखाच हा प्रकार आहे.

क्रम असा लावावा. ज्या गेममध्ये हेडफोनसाठीची स्वतःची सोय आहे तिथे तीच सुरू करावी आणि बाकी सर्व बंद करावे, कारण कोणता आवाज अवकाशात नेमका कुठे आहे हे गेमइतके अचूक दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते. व्हॅलरंटमध्ये ‘एचआरटीएफ’ नावाचा पर्यायच आहे. २०१६ मध्ये आलेल्या ओव्हरवॉचमध्ये हेडफोनसाठीचे अ‍ॅटमॉस सुरुवातीपासून आतच होते. गेममध्ये अशी सोय नसेल, पण तो ५.१ किंवा ७.१ ध्वनी देऊ शकत असेल, तर विंडोजमधील ‘स्पेशिअल साउंड’ वापरावे. तिथे विंडोज सॉनिक हा पर्याय विनामूल्य आहे, तर हेडफोनसाठीच्या डॉल्बी अ‍ॅटमॉसचा परवाना विकत घ्यावा लागतो. आधी मोफत पर्यायावर आठवडाभर काढावा आणि मगच पैसे खर्चावेत, असे माझे मत आहे. हेडफोनच्या सोबतचे सॉफ्टवेअर शेवटचा पर्याय म्हणून ठेवावे. कंपनीगणिक त्याचा दर्जा फार वेगवेगळा असतो.

गेमच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘हेडफोन’, ‘स्टिरिओ’ आणि ‘होम थिएटर’ असे पर्याय असतात. बाहेरचे सराउंड वापरायचे असेल तर होम थिएटर किंवा ७.१ निवडावे. तिथे ‘हेडफोन’ ठेवले तर बाहेर दोनच वाहिन्या पोहोचतात आणि दोनांतून आठ बनवण्याचा आव आणला जातो, जो कानाला लगेच कळतो.

संगीत ऐकताना मात्र हे सगळे बंद करावे. गाणे ज्याने मिसळले त्याने ते दोन स्पीकर डोळ्यांसमोर ठेवून मिसळलेले असते.

स्पर्धात्मक गेममध्ये सराउंडने खरोखर फायदा होतो का?

पावलांचा आवाज मागून आहे की पुढून, वरच्या मजल्यावर आहे की खालच्या, हे कळण्यास गेमच्या स्वतःच्या प्रक्रियेने मदत होते. विशेषतः ज्या गेममध्ये उंचीला महत्त्व आहे त्यात. डावे-उजवे अचूक ओळखण्यासाठी मात्र चांगला स्टिरिओ पुरेसा असतो, आणि बाहेरून लावलेल्या सराउंडमुळे ही अचूकता कधीकधी उलट पुसट होते. अनेक मुरलेले खेळाडू साध्या स्टिरिओवर खेळतात, त्याचे कारण हेच आहे.

खर्ज हा दुसरा मुद्दा. गेमिंग हेडफोनमध्ये स्फोट दणदणीत वाटावेत म्हणून खर्ज मुद्दाम चढवलेला असतो. उंची आणि पुढे-मागे यांच्या खुणा मात्र वरच्या पट्टीत, साधारण ४ किलोहर्ट्झच्या पलीकडे असतात, आणि चढवलेला खर्ज त्यांच्यावर पांघरूण घालतो. इक्वलायझरमध्ये खर्ज दोन-तीन घर खाली आणला तर नवा हेडफोन घेतल्यासारखा फरक पडलेला मी पाहिला आहे.

चित्रपटात संवाद ऐकू येत नाहीत आणि मारामारीत कान फाटतात. यावर काय?

संवाद बहुतांशी मधल्या वाहिनीत असतात. सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये वाहिन्यांची पातळी वेगळी ठेवता येत असेल तर मधली वाढवावी. नसेल तर टीव्ही किंवा अ‍ॅपमधील ‘नाइट मोड’ लावावा. त्याने हळू आणि मोठ्या आवाजांतले अंतर कमी होते.

आवाज मध्येच तुटतो. हेडफोन खराब आहे का?

बहुधा नाही. डोंगल, वाय-फाय, ब्लूटूथ माउस आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या एकाच पट्ट्यात गर्दी करतात. मुंबई-पुण्यातल्या इमारतींत शेजारच्या आठ-दहा घरांचे राउटरही त्यात भर घालतात. त्याहून कमी माहीत असलेले कारण म्हणजे यूएसबी ३. या जलद पोर्टमधून आणि तिथे जोडलेल्या हार्ड डिस्कमधून याच पट्ट्यात विद्युत गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले आहे. डोंगल संगणकाच्या पाठीमागे, पत्र्याच्या आडोशाला, यूएसबी ३ च्या शेजारी खोचलेला असेल तर आवाज तुटणारच. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन तार घेऊन डोंगल टेबलावर, समोर दिसेल असा ठेवावा आणि राउटर-फोन ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत. शे-दोनशे रुपयांच्या या तारेने सुटलेल्या तक्रारींची संख्या मोठी आहे.

बंद पाठीचा घ्यावा की उघड्या पाठीचा?

उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये कपांना जाळी असते. आवाज मोकळा, पसरलेला वाटतो आणि कान तापत नाहीत. परंतु आतले बाहेर आणि बाहेरचे आत येते. पंखा पूर्ण वेगाने फिरत असलेल्या, खिडकीखाली रहदारी असलेल्या खोलीत त्याचा अर्धा गुण वाया जातो, आणि शेजारी झोपलेल्याला चित्रपटाचे सगळे संवाद कळतात. वायरलेसमध्ये उघड्या पाठीचे पर्यायही मोजकेच आहेत. आपल्याकडील घरांसाठी बंद पाठीचाच व्यवहार्य ठरतो.

मात्र मग उकाड्याचा विचार करावा लागतो. कृत्रिम चामड्याचे इअरपॅड आवाज चांगला अडवतात, परंतु मे महिन्यात तासाभरात कान घामाने चिकचिकतात, आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत त्या चामड्याचे पापुद्रे दोन-तीन वर्षांत गळू लागतात. कापडी किंवा मखमली पॅड थंड राहतात. खर्ज थोडा कमी होतो, एवढेच. चष्मा वापरणाऱ्यांनी मऊ पॅड असलेला आणि डोक्याला कमी दाबणारा हेडफोन निवडावा, कारण चष्म्याच्या काडीपाशी फट पडली की तिथून खर्ज निसटतो.

दुकानात प्रत्यक्ष काय तपासावे?

घालून किमान दहा मिनिटे बसावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गर्दीच्या वेळी दुकानदार घाई करतील, करू द्यावी. वजन ३०० ग्रॅमच्या वर गेले की दोन तासांच्या चित्रपटाअखेर टाळूवर जाणवू लागते. कान कपाच्या पूर्ण आत मावतो का, आतल्या जाळीला टेकतो का, हे पाहावे. इअरपॅड काढता येतात का आणि सुटे मिळतात का, हे विचारावे. चार्जिंग सुरू असताना हेडफोन वापरता येतो का, बॅटरी संपल्यावर तार लावून ऐकता येते का, आणि डोंगल हरवला तर वेगळा विकत मिळतो का, हे तीन प्रश्न तर हमखास विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा ‘नाही’ असे असते, आणि डोंगलविना उरलेला हेडफोन शोभेची वस्तू होऊन बसतो.

वायरलेस हेडफोनला भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. खोक्यावरचा ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून पडताळता येतो. अर्ध्या किमतीत मिळणारा ‘मूळ कंपनीचा’ माल ओळखण्यास त्याचा उपयोग होतो. पावती पक्कीच घ्यावी. वॉरंटी नाकारली गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवला तर?

किंमत कमी पडेल, पण वॉरंटी बहुतेक कंपन्या खरेदीच्या देशापुरतीच मानतात. बॅटरी असलेले सामान त्यांना केबिनमधल्या पिशवीत ठेवायला सांगावे.

बॅटरी किती वर्षे टिकते आणि ती टिकवावी कशी?

लिथियम-आयन बॅटरी काही शे चार्जिंगनंतर क्षीण होत जाते. रोज वापरल्यास दोन-तीन वर्षांनी फरक कळतो. तिचा खरा शत्रू उष्णता आहे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा गरम होणाऱ्या कन्सोलवर हेडफोन ठेवू नये. महिनाभर वापरायचा नसेल तर निम्म्या चार्जवर ठेवावा. पूर्ण रिकामा करून कपाटात टाकलेला हेडफोन सुट्टीनंतर पुन्हा उठेलच याची खात्री नसते. खोक्यावरचे तास मध्यम आवाजात आणि रंगीत दिवे बंद ठेवून मोजलेले असतात. दिवे घालणाऱ्याला स्वतःला दिसत नाहीत, त्यामुळे ते बंद करण्यात नुकसान कोणाचेच नाही. निकामी झालेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.

मुलगा रोज तासन्‌तास कानाला लावून बसतो. किती आवाज सुरक्षित?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत, तर मुलांसाठी तेवढाच वेळ ७५ डेसिबलपर्यंत सुरक्षित मानला जातो. दर तीन डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो; ९० डेसिबलवर प्रौढांचाही आठवड्याचा कोटा चार तासांत संपतो. गेममध्ये धोका असा की शत्रूची हलकी पावले ऐकू यावीत म्हणून आवाज चढवला जातो आणि मग बंदुकीचा प्रत्येक बार त्याच चढ्या पातळीवर कानात शिरतो. त्यामुळे आवाज चढवण्याऐवजी नाइट मोडसारखी सोय वापरणे इथेही योग्य ठरते. सत्रानंतर कानात ‘सूंऽऽ’ असा नाद राहत असेल तर त्या दिवशी मर्यादा ओलांडली गेली असे धरावे, आणि तो नाद टिकून राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

दोघांना एकाच टीव्हीवर दोन हेडफोन लावून चित्रपट पाहता येईल का?

डॉकसह मिळणाऱ्या काही रेडिओ हेडफोनच्या डॉकला दुसरा हेडफोनही जोडता येतो, आणि काही टीव्ही एकाच वेळी दोन ब्लूटूथ हेडफोन स्वीकारतात. तसे दोन्ही हेडफोन एकाच मॉडेलचे घ्यावेत, अन्यथा दोघांचे विलंब वेगळे पडतात आणि एक जण विनोदावर आधी हसतो. एलई ऑडिओमधील ऑराकास्ट या सोयीने एकाच टीव्हीवरून कितीही हेडफोनना आवाज पाठवता येतो. टीव्ही आणि हेडफोन दोन्हींच्या माहितीपत्रकात तो शब्द स्पष्ट लिहिलेला असेल, तरच त्यावर विसंबावे.